उत्तरेच्या भिंतीतल्या दोन नळ्या

माझा जावई डेसमंड आधी भिंतीला भोक पाडतो आणि मग विचारतो, “अम्मा, इथे चालेल ना?” नाही चालणार म्हटलं की मान डोलावतो, “बरोबर आहे तुमचं” म्हणतो, आणि त्याच भोकात नळी घालतो. भांडणारा माणूस परवडला. गोड बोलून न ऐकणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

ऑक्टोबरात आमच्या तळघरातली, घर गरम ठेवणारी जुनी भट्टी गेली. नवी आली तिला धुराडं लागत नाही. तिला लागतात भिंतीतून बाहेर काढलेल्या दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या. एकीने बाहेरची हवा आत ओढायची, दुसरीने जळून उरलेला विषारी वायू बाहेर सोडायचा. डेसमंड म्हणाला, परवाना काढून मीच बसवतो. तो व्हिक्टोरियाचा. तिथे बर्फ पडला की लोक फोटो काढायला बाहेर येतात.

माझी मुलगी रागना हिने वर अट घातली. “गुरुवारी तपासनीस येतोय. भट्टी पास झाली नाही, तर आई, हिवाळाभर तू विनिपेगला इंगाआत्याकडे.”

इंगा माझी नणंद. तिच्याकडे कॉफीचा दुसरा कप मिळत नाही आणि रेडिओ तिच्या मर्जीने लागतो. मी एकोणऐंशी वर्षांची, आमच्या गिमलीच्या तळ्यात बर्फाखाली जाळी टाकलेली बाई. मी चौदाव्या मजल्यावर तिच्या मांजरीचं तोंड बघत बसू?

मंगळवारी बघते, तर डेसमंडने उत्तरेच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन भोकं पाडलेली.

“अरे, ही वाऱ्याची बाजू,” मी म्हटलं. “मार्चमध्ये शेजारच्या ओलाफसनांचा कुत्रा इथल्या बर्फावर उभा राहून खिडकीतून माझं जेवण बघत होता.”

“बरोबर आहे तुमचं, अम्मा. पण पुस्तकात दिलंय, अपेक्षित बर्फाच्या वर एक फूट. आणि इथली सरासरी मी बघितली.”

“सरासरीने कुठे पडतो रे बर्फ? आपल्याकडे एका भिंतीला सगळा लागतो आणि दुसरीला चिमूटभर.”

त्याने मान डोलावली आणि नळीला डिंक लावला.

माझी शाळा चौथीत सुटली, पुस्तकाशी वाद मी घालत नाही. दुपारी तो दुकानात गेला, तेव्हा मी पेंढ्याचे भारे काढले. घराचा पाया गार पडू नये म्हणून दर वर्षी ते भिंतीला लावून वर ताडपत्री बांधतो, गावात सगळेच बांधतात. एरवी एकच थर लावते. या वेळी उत्तरेला तीन थर रचले, मार्चमधला बर्फ येतो तेवढे, आणि ताडपत्री चांगली आवळली. तपासनीस कियार्तनने मला मागेच सांगितलं होतं, या भट्टीचा गळा दाबला, म्हणजे नळ्या बुजल्या, तर ती पेटतच नाही, आपणहून बंद राहते. तरीही विषारी वायू घरात आला तर वाजणारी घंटा जिन्यात टांगली आहे ना, ते मी बघून आले. खोडी वेगळी आणि घरच्यांचा जीव वेगळा.

बुधवारी डेसमंडने बटण दाबलं. भट्टी गुरगुरली, टिकटिकली आणि गप्प झाली. त्याने झाकण काढलं, तारा काढल्या, तारा लावल्या. भारे त्याला खिडकीतून दिसत होते. एकदा वर येऊन म्हणालासुद्धा, “वा अम्मा, या वर्षी भिंत छान झाकलीत.”

मला वाटलं होतं, दुपारपर्यंत याच्या डोक्यात उजेड पडेल. पडला नाही. संध्याकाळी रागनाने माझी बॅग बाहेर काढली आणि लोकरीचे मोजे घड्या घालून भरायला लागली. सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं. दोन्ही वेळा पॅनकेक तोंडात कोंबला.

गुरुवारी अकराला कियार्तन आला. भट्टी टिकटिकली आणि गप्प झाली. तो थेट बाहेर गेला, ताडपत्री सोडली, भारे ओढले आणि मागे दोन नळ्यांची तोंडं बघून हसत सुटला.

“डेसमंड, हा पेंढा आहे म्हणून निदान हाताने ओढता आला. जानेवारीत काय करणार होतास?”

डेसमंड भाऱ्यांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मी शालीचं टोक नीट करत होते.

“पास करता येणार नाही,” कियार्तन म्हणाला. रागनाने खिशातून गाडीची किल्ली काढली.

“आता निघालास कुठे?” मी कियार्तनला विचारलं.

“आर्बर्गला. पाचला परत याच रस्त्याने.”

“मग पाचला कॉफी प्यायला थांब. कोरा फॉर्म घेऊन ये.”

सहा तास होते. पूर्वेची भिंत आडोशाची, तिथे छातीएवढ्या उंचीवर नळ्या काढायच्या ठरल्या. मी म्हटलं, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जागा आहे. डेसमंडने पहिल्यांदाच मान डोलावली नाही.

“नाही अम्मा. खिडकीतून वायू घरात येईल. लांब घ्यावं लागेल, तुमच्या मुरांब्याच्या फळीतून.”

ती फळी माझ्या नवऱ्याने लावलेली. तिच्यावर रुबार्बच्या मुरांब्याच्या एकतीस बरण्या होत्या. मी त्या एकेक करून उतरवल्या. लेव्हल हातात धरून नळीचा उतार मीच बघितला. वाफेचं पाणी भट्टीकडे परत वाहायला हवं, बाहेरच्या तोंडाशी गोठायला नको. सोडणारं तोंड वर, ओढणारं खाली, मध्ये पुरेसं अंतर. जुनी भोकं बुजवली. डेसमंडची बोटं नळीचे सांधे पुसायच्या औषधाने जांभळी झाली होती.

पाचला भट्टी पेटली. कियार्तनने बाहेर हात धरून बघितलं, आत घंटा तपासली, दोन कप कॉफी प्यायला आणि सही केली. रागनाने माझे मोजे खणात परत ठेवले.

डेसमंड हात धुता धुता म्हणाला, “अम्मा, तीन थर मुद्दाम रचलेत ना?”

“मुद्दामच,” मी म्हटलं. “डेसमंड, तू कामाचा माणूस आहेस. ऐकायला तेवढे दोन दिवस लावतोस. पुढच्या वेळी ते दोन दिवस भोक पाडायच्या आधी घे.”