आत्या दोनदा म्हणाली

जुन्या काचसामानाची पारख करतो म्हणून लोक मला भिंगकाका म्हणतात. तोंडावर म्हणतात, म्हणून चालवून घेतो. निम्मी गिऱ्हाइकं कालपरवा बाजारात घेतलेली वस्तू पणजोबांची म्हणून आणतात आणि खरं सांगितलं की नाकं मुरडतात. त्यामुळे ती मुलगी चादरीत गुंडाळलेला दिवा घेऊन आली, तेव्हा मी आधीच कावलेला होतो.

दिवा मात्र अस्सल निघाला. तळाला बारीक, उलटसुलट ओरखडे होते. नकली मालाला सँडपेपर मारतात, तेव्हा सगळे ओरखडे एकाच दिशेने जातात. टाकीच्या काचेत बुडबुडे होते, तोंडाची पितळी कडी प्लॅस्टरने बसवलेली होती. वरची काच तेवढी नंतरची. मी खूश होऊन किमतीचं बोलणार, तर ती म्हणाली, ते नंतर बघू. हा दिवा दुसऱ्या कुणाला दिला तर त्याला बाधेल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

असल्या प्रश्नाला मी एरवी दार दाखवतो. पण तिचे डोळे जागून जागून सुजले होते. पेटवून पाहिल्याशिवाय मी दिव्याची किंमत करत नाही. टाकीत थोडं रॉकेल घातलं, ज्योत नीट दिसावी म्हणून बल्ब बंद केला, चावी फिरवून वात बारीक केली आणि तिचं ऐकत बसलो.

दिवा तिच्या आत्याचा. आईबाप गेल्यावर आत्यानेच हिला सांभाळलं होतं. शेवटी छातीच्या दुखण्याने आत्या अंथरुणाला खिळली. एका संध्याकाळी वीज गेली. थंडी म्हणून खिडक्या लावलेल्या, हिने हा दिवा आत्याच्या उशाशी ठेवला. आत्या म्हणाली, दिवा वाढव. हिने वात वर केली. आत्या पुन्हा तेच म्हणाली, तेव्हा हिने ती आणखी वर केली आणि औषध आणायला गेली. परत आली तेव्हा खोली धुराने भरली होती आणि आत्या गेली होती. तेव्हापासून दिवा लावला की वात आपोआप वर चढते. न लावावा, तर आत्याला अंधारात ठेवल्यासारखं वाटतं.

"तिला अजून उजेड हवाय का, काका?"

आमच्या पिढीत दिवा विझव असं म्हणत नसत, ते अशुभ. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणायचं. दिवा वाढव म्हणजे मालव. ती बाई धुरात गुदमरत होती आणि दिवा मालव म्हणून दोनदा सांगत होती.

हे या पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं? नाहीच सांगायचं, असं मी ठरवलं. तेवढ्यात समोर दिव्याची चावी सावकाश फिरायला लागली. वात वर चढली, काच काळी पडू लागली. मी चावी उलटी फिरवायला गेलो, तर दुसऱ्या बाजूने कुणीतरी धरल्यासारखी ती माझ्या चिमटीतून पुन्हा फिरली. जन्मभर मी भुताखेतांची टिंगल केली. त्या वेळी मात्र घाबरलो, सरळ सांगतो.

"हो, उजेडच हवा असेल," मी म्हणालो. ज्योत रागावल्यासारखी भडकली.

आता मध्येच कुणी गिऱ्हाईक टपकायला नको, म्हणून मी उठलो. "थांब, आधी दुकान वाढवतो," असं म्हणत शटर खाली ओढलं. वळलो, तर ती दिव्याकडे नाही, शटरकडे बघत होती.

"वाढवतो म्हणालात," ती हळूच म्हणाली, "आणि बंद केलंत."

थाप मारायला तोंड उघडलं, पण उशीर झाला होता. माझ्या चेहऱ्यावरूनच तिला काय ते कळलं.

ती दिव्यावर वाकली. काचेच्या तोंडाशी हाताचा आडोसा धरला.

"वाढवते गं, आत्या," म्हणाली आणि फुंकर मारली.

दुकानात काळोख झाला. ती हुंदके देत होती. मी श्वास रोखून उभा होतो. आणि आमच्या दोघांच्या मध्ये कुणीतरी खोल, मोकळा श्वास घेतला.