जुनीच गोळी

दैवशाला एचआयव्हीची गोळी कैक वर्षांपासून घेत होती. झोपताना गोळी घेतली की डोकं गरगरायचं आणि स्वप्नात भलतंच दिसायचं. कुणीतरी विहिरीत बुडतंय, दोर तिच्या हातात आहे आणि तो सुटतोय.

म्हणून जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर कहकशा म्हणाल्या, "आता तुम्हालाही नवी गोळी देता येईल, स्वप्नं थांबतील," तेव्हा तिचा नवरा देवानंद खुर्चीत पुढं सरकला. आजार त्यालाही होता.

"मी तीच घेऊन राह्यलो ना. बिलकुल तरास न्हाई. तू बी घे."

दैवशालानं डॉक्टरांना विचारलं, "आम्हाला मूल पाहिजे. बाळाला काही होतं का?"

डॉक्टरांनी लपवलं नाही. "सुरुवातीला परदेशात काही बाळांच्या मणक्यात दोष दिसला होता. पुढे हजारो बाळं पाहिली, तसं काही निघालं नाही. मी नवीच घ्या म्हणेन. पण ठरवायचं तुम्ही."

मणका म्हटल्यावर पुढचं तिनं धड ऐकलंच नाही.

बाहेर बाकावर देवानंद समजावू लागला. "न्हाई निघालं म्हणतेत ना."

"म्हणतेत. पण नऊ महिने मला तेच दिसत राहील."

"मंग ती स्वप्नं?"

"ती उजाडलं की जातेत."

नाही म्हटलं तर गोळ्याच बंद करतील, या धाकानं ती पदर पिळत आत गेली. डॉक्टर रागावल्या नाहीत. "जुनी तुम्हाला लागू पडलीये, चालू ठेवू. फक्त एकही चुकवू नका. मन बदललं तर कधीही या."

तिला दिवस गेले आणि स्वप्नं वाढली. आता विहिरीत बाळ असायचं. देवानंद दिवा चालू ठेवून तिच्याजवळ बसून राहायचा. आपलं चुकलं तर नाही, या विचारानं गोळी हातात घेऊन ती थबकायची, पण घ्यायची.

मुलगी झाली. पोरीला आजार नाही असं शेवटच्या रक्ततपासणीत निघालं, त्या दिवशी दैवशालानं आपणहून नवी गोळी मागितली.

"आता भीती नाही वाटत?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाटते की. पण आता माझ्यापुरतीच हाय."

पहिले काही दिवस ती झोपायलाच घाबरली. मग एका पहाटे मुलगी रडली तरी तिला जाग आली नाही. देवानंदनं पोरीला उचललं आणि हळूच बाहेर नेलं.