पुराचा निबंध

"मधलं एक वाक्य खाल्लात," विळीवरून मान वर न करता माझी बायको तुळसा म्हणाली.

मी गाईड उघडून पाहिलं. खरंच खाल्लं होतं. पुरात छपरावर अडकलेल्या माणसांचं ते वाक्य तिने बांगड्याचं डोकं उडवता उडवता इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवलं. मला वाटलं, विळी माझ्यावरच चालली.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. रत्नागिरीत एका कचेरीत मी अकरा वर्षं शिपाई होतो. माझी दहावी फक्त इंग्रजीत अडकली होती, तीही तीन वेळा. साहेबांनी बजावलं होतं, या मार्चला पास झालास तर कारकून करतो, नाहीतर जागा बाहेरच्याला जाईल. म्हणून रोज पहाटे चुलीजवळ पाटावर बसून मी मोठ्याने घोकायचो. तुळसाची शाळा लग्नामुळे नववीत सुटली होती. तिने गाईडला बोटही लावलं नव्हतं. नुसतं ऐकून तिला सगळं पाठ झालं, आणि वर ते कळतही होतं. तिचं माहेर चिपळूणचं. लहानपणी पुरात ती स्वतः कौलांवर बसली होती. मी फक्त शब्द गिळत होतो.

एका रविवारी शेजारचे गंगाराम दारात येऊन ऐकत उभे राहिले. म्हणाले, "हरिश्चंद्र, परीक्षेला वहिनींनाच बसव. तू डबा घेऊन जा." सगळे हसले. मीही हसलो, पण आतून जळून खाक झालो. स्वतःच्या बायकोचा हेवा वाटतो, हे सांगायचं तरी कुणाला? दुसऱ्या दिवसापासून मी मनातल्या मनात वाचायला लागलो. आवाज का बंद, तिने विचारलं. घसा बसलाय म्हटलं. तिने सुंठीचा काढा करून दिला. घसा परीक्षेपर्यंत बसलेलाच राहिला, आणि काढाही रोज येत राहिला.

पेपरात नेमका पुराचा निबंध आला. चार ओळींवर माझी गाडी अडली. डोळे मिटले तर गाईडचं पान काही दिसेना. ऐकू आला तो तुळसाचा आवाज, मध्ये मध्ये विळीचा. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. अडतीस मार्क पडले.

कारकुनाचं टेबल मिळालं त्या दिवशी घरी पेढे वाटले. जो तो विचारी, जमवलंस कसं? मी सांगे, मेहनत केली. तुळसा शेजारी ताट धरून उभी होती.

माणसं गेल्यावर ती हळूच म्हणाली, "अवो, आता तुमचं झालं. तां पुस्तक मना द्याल? सतरा नंबरचा फॉर्म भरून मीय दहावीला बाहेरून बसेन म्हनतंय."

गाईड माझ्या नव्या टेबलाच्या खणात होतं.

"पालीच्या एका पोराला देऊन टाकलं," मी म्हटलं.

ती ताट पुसत राहिली. "बरं केलात. कुनाच्या तरी उपेगी पडंल."

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने तिने चुलीजवळ पाट मांडला. थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, मग उचलून भिंतीला टेकवून ठेवला आणि विळी पुढे ओढून बसली. काही पुटपुटते का, म्हणून मी अंथरुणात कान देऊन पडलो होतो. ऐकू आला तो फक्त विळीचा आवाज.