शून्यावरचा लाल शिक्का

मित्रांनो, नेझू कंपनीच्या काचेच्या इमारतीत तुम्ही शाळेच्या सहलीला येता, तेव्हा दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताला मखमलीच्या चौथऱ्यावर एक लोखंडी ठोकळा दिसतो. सोनेरी रंग फासलेला, मधोमध आरपार भोक असलेला. तुमच्यातली बरीच मुलं मला घंटा समजतात. मी घंटा नाही. मी एक जुना घण आहे, जमीन ठोकून पाहणारा. माझं वजन साडेत्रेसष्ट किलो. निदान माझ्या डोक्यावरच्या पितळी पाटीवर तसं लिहिलं आहे. त्या पाटीकडे शेवटी येऊच.

जपानमधल्या कावागुची गावाच्या ओतशाळेत १९६१ साली माझा जन्म झाला. मला न्यायला इवाओ नेझू तीन चाकांचा टेम्पो घेऊन आले. तोच टेम्पो, तीन पायांचं एक तिकाटणं, एक कप्पी, दोरखंड आणि मी, एवढीच तेव्हा 'नेझू बोअरिंग' ही कंपनी होती. कचेरी म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातलं टेबल.

माझं काम सांगायला सोपं आहे. जमिनीत भोक पाडायचं, त्यात लोखंडी नळी उतरवायची आणि तिच्या डोक्यावर मला शहात्तर सेंटिमीटरवरून सोडायचं. पुन्हा उचलायचं, पुन्हा सोडायचं. नळी तीस सेंटिमीटर आत जायला माझे किती ठोके लागले, तो त्या थराचा आकडा. चाळीस ठोके लागले तर खुशाल इमला चढवा. चार लागले तर विचार करा. दर मीटरला हेच. मला आयुष्यात दुसरं काही बोलता आलं नाही, पण जे बोललो ते खरं बोललो.

खरं बोलायचं तर वजन बिनचूक हवं. म्हणून नववर्षाची सुट्टी संपली की थोरले नेझू मला मासळीबाजारात घेऊन जात. तिथला मोठा काटा गावात सगळ्यांत खरा, असं त्यांचं मत होतं. कोळीण दर वर्षी तेच विचारायची, "काय नेझू-सान, कुठल्या समुद्रातला हो हा मासा?"

"जमिनीतला आहे. काटे फार आहेत त्याला."

ठोके मारून मारून मी झिजायचो. चाळीस-पन्नास ग्रॅम जरी कमी भरलो तरी ते मला परत नेऊन वितळलेल्या लोखंडाचा थेंब लावून घेत आणि पुन्हा काट्यावर ठेवत. मला त्या वेळी मासळीच्या वासाचा कंटाळा यायचा. आता त्या वासासाठी जीव तुटतो.

थोरल्या नेझूंचा आणखी एक नियम होता. कधी कधी असं होतं की मला नळीवर नुसतं टेकवलं, सोडलंसुद्धा नाही, तरी नळी आपोआप खाली बुडते. जमीन लोण्यासारखी. ठोका एकही नाही, आकडा शून्य. असं शून्य आलं की काम तिथल्या तिथे थांबवायचं आणि मालकाला बोलवायचं. मालक रबरी बूट घालून येणार, हातभर अंतरावर दुसरं भोक पाडायला लावणार, मला स्वतःच्या हाताने टेकवणार. पुन्हा बुडाली, तर वहीत त्या शून्याशेजारी आपला लाल शिक्का उमटवणार. ते म्हणायचे, "बाकीचे आकडे तुमचे. शून्य माझं. शून्यामुळे बांधकाम अडतं, लोक चिडतात. ते कुणावर चिडले तर माझ्यावर चिडले पाहिजेत."

केवढा शहाणा नियम! पण तो शहाणपणा शिक्क्यात नव्हता, शिक्का धरणाऱ्या हातात होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मला चालवायचा तो तोमेझो कुवाबारा. बुटका, रुंद खांद्यांचा, एरवी दिवसभरात दहा शब्द बोलणारा. पण ठोके मोजताना त्याचा आवाज अख्ख्या टेकडीवर जायचा. "एऽक... दोऽन... तीऽन..." पंचवीस वर्षं त्याने माझा एकही ठोका मनात मोजला नाही. पूल, बंदराच्या भिंती, बोगदे, शाळा, सगळीकडे आम्ही दोघं हिंडलो. एका टेम्पोचे अकरा ट्रक झाले. स्वयंपाकघरातलं टेबल जाऊन दुमजली कचेरी आली. मग थोरले नेझू गेले आणि शिक्का त्यांच्या मुलाच्या, तेरुनोबुच्या, खिशात आला.

ते साल १९८६. जमिनीचे भाव आभाळाला टेकले होते आणि माणसांना सपाट जमीन पुरत नव्हती. मग टेकड्यांची डोकी उडवायची, ती माती शेजारच्या दरीत ढकलायची, वरून रूळ फिरवायचा की झाली वसाहत तयार! आसागीदाई ही त्यातलीच एक. तिथे ऐंशी घरं उठायची होती आणि आम्हाला जमीन तपासायला पाठवलं होतं.

बुजवलेल्या दरीच्या काठावर एकच जुनं घर होतं, फुसा नीमी या विधवा बाईंचं. पहिल्याच दिवशी सकाळी दहाला त्या जवाचा चहा आणि मुळ्याचं लोणचं घेऊन आल्या. दुपारी तीनला पुन्हा. कामावरच्या माणसांना दहाला आणि तीनला चहा द्यायचा, ही तिकडची जुनी रीत. पण फुसाबाई नुसती रीत पाळत नव्हत्या, त्यांना गप्पा हव्या असायच्या.

"तोमेझो-सान, तुमचं मोजणं ऐकत मी ओसरीवर शिवणाला बसते. काल बावीसवर थांबलात ना? मी पण मोजत होते."

"तेवीस होते, काकू."

"बघा! म्हणजे एक टाका चुकला माझा."

त्यांचा मुलगा ओसाकाला होता. नव्या वसाहतीत, अगदी घरालगत, त्याने घर बांधावं आणि नातवंडं अंगणात खेळावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. तो जागा धरायला तयार होता, त्या आमचं काम पुरं व्हायची वाट बघत होत्या. "कागदावरचं मला कळत नाही. तुम्ही चांगली म्हणालात तर चांगली," असं त्या तोमेझोला म्हणाल्या होत्या.

सहाव्या दिवशी दुपारी, सातव्या मीटरला, तोमेझोने मला नळीवर टेकवलं. नळी बुडाली. मी तिच्यासोबत दोन मीटर खाली गेलो, कुणी सोडलं नव्हतं तरी. त्या मातीखाली जुना ओढा अजून झिरपत होता, मला त्याचा गारवा नळीतून लागला. तोमेझो मोजायला तोंड उघडून उभा होता, ते त्याने मिटलं. वहीत शून्य लिहिलं आणि फोन शोधायला गेला.

धाकटे मालक दुसऱ्या दिवशी आले. रबरी बूट नव्हते, चकचकीत जोडे होते, म्हणून ते डांबरी रस्ता सोडून पुढे आलेच नाहीत. हातात मिठाईचा डबा होता. तोमेझो त्यांच्यापाशी गेला.

"दुसरं भोक तयार आहे, मालक. तुम्ही फक्त घण टेकवा."

"तोमेझो-सान, ऐंशी घरांचे नकाशे मंजूर झालेत. बिल्डर गेली दोन वर्षं आपल्याला काम देतोय. एका भोकासाठी सगळं अडवायचं?"

"शून्य आहे मालक. दोन मीटर शून्य आहे."

"बाबांचा नियम काय होता? मालकाचा शिक्का नसेल तर ते शून्य नाही. बरोबर? मी शिक्का मारत नाही. मग ते शून्य नाही. आठ लिहा." आणि मग त्यांनी जे केलं ते मला आजही खुपतं. त्यांनी कमरेत वाकून तोमेझोला नमस्कार केला. मालक, आपल्या कामगाराला! "एवढं एकदाच. बाबांनी तुम्हाला पोटच्या पोरासारखं वाढवलं."

तोमेझोला शिव्या दिल्या असत्या तर तो हटला नसता. त्या वाकलेल्या मानेपुढे तो हरला.

आमच्या धंद्यात प्रत्येक आकड्याचा फोटो काढायचा असतो. एका छोट्या फळ्यावर खडूने जागा, खोली आणि आकडा लिहायचा, फळा नळीशेजारी धरायचा आणि फोटो. तोमेझोने शून्य बाहीने पुसलं. पांढरा डाग राहिला, त्यावरच आठ लिहिला. आपल्या वहीतलं शून्य मात्र तसंच ठेवलं. फोटोत मी त्याच्या शेजारी आहे, मान खाली घातल्यासारखा. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

तीन वाजता चहा आला.

"आज मोजणं ऐकू आलं नाही हो? काल दुपारीही नाही. घसा बसला की काय?"

तोमेझोने पेल्यात पाहिलं. "हो काकू. घसा बसलाय."

"आणि जमीन? चांगली आहे ना?"

"चांगली आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्यासाठी बरणी आणली, इवल्या संत्र्यांचा मुरंबा, घशाला आराम पडावा म्हणून. तोमेझोने माझ्यासमोर उभं राहून दोन संत्री खाल्ली. ती त्याच्या घशाखाली कशी उतरली, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पुढची अठरा वर्षं कंपनीची भरभराट झाली. नावात 'पर्यावरण' हा शब्द आला. बंद पडलेल्या कारखान्यांच्या मातीतलं विष शोधायला पांढऱ्या कोटातली माणसं आली, परीक्षानळ्या आल्या, सहा शहरांत शाखा निघाल्या. स्वतःच ठोकणारी आणि स्वतःच आकडा छापणारी यंत्रं आली. त्यांच्यापुढे मोजायला कुणी लागत नाही. मला मासळीबाजारात न्यायचं बंद झालं. गोदामात मी आणि तोमेझो, दोघंही अडगळ. त्याला मी दोष देत होतो आणि तो स्वतःला, त्यामुळे आमचं जमायचं.

मग २००४ सालचं ते वादळ आलं. तीन दिवस पाऊस कोसळला आणि आसागीदाईची बुजवलेली दरी ऐन दुपारी सरकली. सतरा घरं गेली, त्यात फुसाबाईंच्या मुलाने बांधलेलं घरही. मुलगा कामावर होता, सुनेने मुलांना घेऊन शाळेत आसरा घेतला होता. फुसाबाई मात्र मुलाच्या घरात होत्या. नातवाची पाळलेली कासवं आणायला परत गेल्या होत्या.

चौकशी झाली. जुने कागद निघाले, फोटो निघाला, फळ्यावर आठ. पावसाला दोष दिला आणि फाइल मिटली. आणि आता ऐका, ती ढासळलेली दरी पक्की करण्यासाठी पुन्हा तपासायचं काम कुणाला मिळालं? आम्हालाच. जागेची सगळ्यांत जुनी माहिती आमच्याकडे होती ना!

निवृत्तीला महिना राहिलेला तोमेझो हट्टाने मला घेऊन तिथे गेला. चिखलात जुनं भोक कुठे होतं ते त्याने पावलं टाकून शोधलं. सातव्या मीटरला मला टेकवलं. नळी बुडाली. या वेळी त्याने तोंड मिटलं नाही. अख्ख्या उतारावर ऐकू जाईल असा ओरडला, "शूऽन्य!"

ढिगाऱ्यात आईच्या वस्तू शोधणारा फुसाबाईंचा मुलगा, काझुहिको, आवाज ऐकून जवळ आला. तोमेझोने खिशातून अठरा वर्षांपूर्वीची वही काढून त्याच्यापुढे धरली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

काझुहिकोने ते पान वाचलं. "दर हिवाळ्यात मुरंबा करताना आई म्हणायची, त्या मोजणाऱ्या माणसाचा घसा बरा झाला असेल का." मग त्याने वही तोमेझोच्या छातीवर ढकलली. "मला कशाला दाखवता? ज्यांना दाखवायला हवी त्यांना तेव्हा दाखवली नाहीत."

तोमेझोच्या निरोपाच्या दिवशी धाकटे मालक गोदामात फुलांचा गुच्छ घेऊन आले. आता त्यांचेही केस पांढरे झाले होते. तोमेझोने फुलं घेतली नाहीत, वही उघडून पुढे केली. मालकांनी चष्मा लावून पान नीट वाचलं आणि अगदी मृदू आवाजात विचारलं, "यावर शिक्का कुठाय, तोमेझो-सान?"

तोमेझो ती वही घेऊन सरकारी कचेरीत गेला. तिथेही त्याला हेच विचारलं, हे मला पुढे कळलं.

कंपनीला पन्नास वर्षं झाली तेव्हा मला गोदामातून काढून सोनेरी रंग दिला. 'आम्ही जमिनीचं ऐकतो' असं खाली कोरलं. मी लोळू नये म्हणून माझ्या बुडात बोटभर जाडीचं भोक पाडून बोल्ट बसवला. माझा भुगा लादीवर पडला, तो झाडूने गोळा केला.

एकदा तोमेझो आला. काठी टेकत, वाकलेला. माझ्यावर पंजा ठेवला तशी स्वागताच्या टेबलामागची मुलगी धावली. "आजोबा, हात नका लावू!" त्याने ऐकलं नाही. बोटांनी चाचपत तो बुडापर्यंत गेला आणि थबकला.

"भोक पाडलंत? मग हा साडेत्रेसष्ट कसा राहील?"

"अहो आजोबा, नुसती शोभेची वस्तू आहे ती."

"हाही गेला," एवढंच तो म्हणाला. त्याच्या घशातून आवाज नीट निघत नव्हता.

मित्रांनो, मला पुसू नका, तेल लावू नका, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढू नका. आज मला कुणी नळीवर सोडलं तर माझाही आकडा खोटा येईल, त्यांनी मलाही आपल्यातला करून घेतलं आहे. डोक्यावरची पाटी मात्र अजून साडेत्रेसष्ट म्हणते. तुमच्यापैकी एकाने तरी ती पाटी वाचून मान डोलवू नये. मोठ्याने म्हणावं, याला मासळीबाजारात न्या आणि आमच्यासमोर काट्यावर ठेवा.