राधाचा पत्ता

परळच्या महिला मदत केंद्रात चैत्राली कॉम्प्युटरचं काम बघायला रुजू झाली, तेव्हा तिथल्या कॉम्प्युटरवर तीन एआय एजंट मोकाट सुटले होते. एक ईमेलना उत्तरं द्यायचा, दुसरा कोर्टाच्या तारखा सांभाळायचा, तिसरा फायलींतून हवा तो कागद शोधून द्यायचा. कोण काय करतोय हे कुणालाच धड कळत नसे. एकदा तारखांवाल्याने एका बाईला भलताच दिवस कळवला आणि ती बिचारी बंद कोर्टाबाहेर बसून राहिली. तेव्हापासून चैत्रालीच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

तिने डॅशबोर्ड लिहायला घेतला. तो केंद्रातल्या त्या एकाच कॉम्प्युटरवर चालणार, बाहेरून कुणाला उघडता येणार नाही. एजंटांनी काय वाचलं, काय लिहिलं ते एका पडद्यावर दिसणार, आणि माणसाने ‘मंजूर’ दाबल्याशिवाय एक ओळही बाहेर जाणार नाही.

केंद्र चालवणाऱ्या गुणवंतीताई शिवडी कोळीवाड्यातल्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि तुझाच बोट चुकला तर गो?”

“मंजूर केलेलं पत्र थोडा वेळ थांबवून ठेवते, ताई. तेवढ्यात मागे घेता येईल.”

काम मार्गी लागलं. पण चैत्राली काही निवांत झाली नाही. लालबागच्या घरी जेवतानाही तिच्या डोळ्यांपुढे ती बटणं असायची. त्यात दिवसाला इतकी पत्रं मंजुरीला यायची, की दुपारपर्यंत बोट आपसूक चालायला लागायचं.

अशाच एका दुपारी एक मेल आला. गिरगावातल्या एका शाळेकडून. ‘राधा यांच्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला टपालाने पाठवायचा आहे, सध्याचा पत्ता कळवावा.’ ईमेलवाल्या एजंटाने फायलींवाल्याकडून पत्ता घेतला आणि अदबशीर उत्तर तयार ठेवलं. चैत्रालीने ते वरवर वाचलं, ‘मंजूर’ दाबलं आणि पुढचं पत्र उघडलं.

राधा नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून लेकीला घेऊन बाहेर पडली होती. अँटॉप हिलला मैत्रिणीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होती. हे केंद्राबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं.

शेजारच्या टेबलावर गुणवंतीताई दुसऱ्याच एका मुलाच्या दाखल्यासाठी फोनवर भांडत होत्या. “अहो, आई आजारी आहे त्याची! पोस्टाने पाठवलात तर काय बिघडेल?... स्वतःच यायला पाहिजे? सही लागते? बरं बाबा!” फोन आपटून त्या म्हणाल्या, “दाखला काय पोस्टाने देत नाहीत म्हणे.”

‘टपालाने पाठवायचा आहे,’ हे मघाच्या मेलमधले शब्द चैत्रालीला आठवले.

तिने थांबलेल्या पत्रांची खिडकी उघडली. राधाचं पत्र अजून तिथेच होतं. तिने ‘मागे घ्या’ दाबलं, सगळे एजंट बंद केले, तरी विश्वास बसेना म्हणून वाकून नेटची वायरच उपटली. मग मेलचा पत्ता अक्षर न् अक्षर पाहिला. शाळेच्या नावात एक अक्षर जास्त होतं.

शाळेत फोन लावला. “आम्ही असा कुठलाही मेल पाठवलेला नाही,” क्लार्क म्हणाली. “पण मुलीचे वडील येऊन गेले परवा. चौकशी करत होते.”

केंद्राचा ईमेल राधाच्या वकिलाने नवऱ्याला पाठवलेल्या नोटिशीवर छापलेला होताच. आणखी शोधायचं काही उरलं नव्हतं.

राधाला बोलावून घेतलं. चैत्रालीने काही न लपवता सांगितलं, मंजुरी आपणच दिली होती हेही सांगितलं. राधा म्हणाली, “थांबवलंत ते चांगलं झालं, ताई. पण तुमच्या मशीनला माझा पत्ता माहीत कशाला हवा?”

इतके दिवस चैत्राली दाराला कड्या लावत बसली होती. आत काय ठेवलंय, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता.

“आजच तुला दुसरीकडे हलवू,” गुणवंतीताई म्हणाल्या.

“नको. पोरगी आत्ता कुठे खेळायला लागलीय तिकडे. दर वेळी आम्हीच का हलायचं? त्याच्यावर तक्रार करा.”

मेलची प्रत घेऊन राधा आणि गुणवंतीताई पोलीस ठाण्यात गेल्या. चैत्रालीने मागे थांबून एकेक पत्ता कॉम्प्युटरवरून काढून टाकला. मग नेटची वायर पुन्हा जोडून, एजंट चालू करून तिने स्वतःच खोटे मेल पाठवून पाहिले. कधी डॉक्टर बनून, कधी कोर्टाचा बेलिफ, कधी राधाची आई. दर वेळी उत्तर तेच, की ही माहिती आमच्याकडे नाही. तरी ती नवीन नवीन माणसं बनून विचारतच राहिली.

संध्याकाळी राधाचा फोन आला. “तक्रार घेतली हो. उद्या दाखला आणायला मीच जाते.”

“एकटी नको. मी येते.”

दुसऱ्या दिवशी चर्नी रोडवरून दोघी चालत निघाल्या. चैत्राली प्रत्येक वाडीच्या तोंडाशी मागे वळून बघत होती. “ताई, पुढे बघा, ठेच लागेल,” असं म्हणून राधाने तिचा हात धरला आणि झपाझप शाळेच्या फाटकातून आत शिरली.