बेटावर गेलेला पितळी डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. खाली मोठा खण, वर लहान खण, डोक्यावर घट्ट झाकण आणि सगळ्यांना धरून ठेवणारी कडी, असा माझा बांधा. डाव्या कुशीला एक मोठा पोचा आहे आणि आतली कल्हई विटली आहे. पण एवढ्यावरून मला भंगारात काढू नका. आमच्या मार्गासनी गावात माझ्याइतका लांबचा प्रवास केलेलं दुसरं भांडं नाही. मी विमानात बसलो आहे. समुद्राच्या काठावर, वाळूत, मी दोघांची पंगत वाढली आहे. हे सांगायला लागलो की शेजारची स्टीलची पातेली नाक मुरडतात. मुरडू देत बापडी.

माझा जन्म भोरच्या बाजारपेठेतला. रखमाजी तांबटांनी ठोकून ठोकून मला आकार दिला, आतून कल्हई केली आणि दुकानाच्या दारात टांगलं. माझी मालकीण सोजराबाई, तिच्या वडिलांनी तिच्या रुखवतासाठी मला विकत घेतलं. तिचं माहेर हिर्डोशी खोऱ्यात, नदीच्या अंगाला होतं. त्या घरात मी फार तर महिनाभर राहिलो असेन. तरी तिथली सारवलेली ओसरी, दारातलं जांभळीचं झाड आणि चुलीमागची धुराने काळी झालेली भिंत मला अजून आठवते. लग्नाच्या दिवशी तिच्या आईने मला लाडवांनी काठोकाठ भरलं आणि म्हणाली, “सोजरा, डबा रिकामा धाडू नगंस आन रिकामा परत आणू नगंस. एवढी आपल्या घरची रीत ध्येनात ठेव.”

सोजराबाईने ती रीत पाळली. मार्गासनीहून माहेरी जाताना माझ्यात तांदळाच्या पिठाच्या वड्या असायच्या, येताना कधी जांभळं, कधी घट्ट थिजलेलं तूप. मग खोऱ्यात धरण आलं. माणसं गुरंढोरं घेऊन लांब कुठे कुठे गेली आणि गावावर पाणी चढलं. ओसरी गेली, जांभळ गेली, भिंत गेली. आता एसटीच्या पाटीवरसुद्धा त्या गावाचं नाव नसतं. त्यानंतर मला भरून न्यायला माहेरच उरलं नाही. त्या वर्षी सोजराबाई मला घासता घासता मध्येच थांबायची, आणि मला फार वाईट वाटायचं.

पण कामाला खंड नव्हता. भातलावणीच्या दिवसांत सोजराबाईचे मालक म्हादू यांच्यासाठी मी भाकरी आणि पातळ पिठलं घेऊन खाचरावर जायचो. चिखलाच्या हातांनी कडी निघायची आणि वास सुटला की शेजारच्या वावरातल्या बायका म्हणायच्या, “सोजराबाय, आज लसूण लई घातलीया.” बांधावरून घरंगळून माझ्या कुशीला पोचा पडला तोही तिथेच. पुढे त्यांचा मुलगा कुमार मला घेऊन शाळेत गेला. नसरापूरला कॉलेजात जायला लागल्यावर मात्र त्याला माझी लाज वाटू लागली. एसटीत मी सीटच्या दांड्याला आपटलो की पोरं हसायची. त्याने प्लास्टिकचा डबा आणला आणि मी माळ्यावर गेलो. माझ्या पोटात गंजके खिळे आणि किल्ली हरवलेलं एक कुलूप आलं. किती वर्षं तसा पडून होतो, ते मोजायचं मी सोडून दिलं होतं.

मित्रांनो, मला खाली काढलं ते कुमारच्या लग्नानंतर. कुमार तोवर शिरवळच्या एका कारखान्यात लागला होता. किकवीची कोमल सून होऊन घरात आली. कुमारच्या दोस्तांनी वर्गणी काढून दोघांना अंदमानची सहल आहेर म्हणून दिली. विमान, बेटावरचं हॉटेल, सगळं ठरलेलं. कुमार पारावर बसून ऐटीत सांगायचा, “जायाचं, ऱ्हायाचं, खायाचं, समदं त्यातच हाय. खिशाला हातबी लावायचा न्हाई.”

सोजराबाईने ते ऐकून घेतलं आणि शिडी लावून मला माळ्यावरून उतरवलं. चिंच आणि राखेने घासून तिने मला असं लख्ख केलं की मलाच माझी ओळख पटेना. खालच्या खणात दुधात मळलेल्या दशम्या, वरच्या खणात कारळ्याची चटणी आणि गुळाचे लाडू.

“आत्या, तिथं जेवण हाय की,” कोमल संकोचून म्हणाली. “विमानात डबा घेऊन कोण जातं?”

“असू दे गं. परक्या मुलखात भूक काय इचारून लागती व्हय?”

दशम्यांवर तिने एक कोळसा ठेवला. आमच्याकडे अन्न घराबाहेर लांब न्यायचं तर त्याला नजर लागू नये म्हणून कोळसा ठेवतात. शिवाय, नव्या जोडप्याने हळदीच्या अंगाने समुद्रावर जायचं तर जवळ लोखंड हवं, म्हणून तिने कुणाला न सांगता चटणीच्या पुडीशेजारी अडकित्ताही सारला.

निघताना कोमलने विचारलं, “आत्या, तुमच्यासाठी काय आणू?”

सोजराबाई जरा वेळ माझ्या कडीशीच चाळा करत राहिली. मग म्हणाली, “आणू काय नगंस. तिथं म्हनं काचेच्या तळाची होडी असती. टीव्हीत दावली व्हती. पाण्याखालचं समदं दिसतं म्हनं. माझं माहेर पाण्याखाली गेलं, पर पाण्याखाली असतं कसं, ते म्या कदी बघितलं न्हाई. तेवढं बघून ये आन मला सांग.”

“बघून येते,” कोमल म्हणाली. तो शब्द तिने मनापासून दिला होता, हे मी तिच्या हातातून ओळखलं.

विमानतळावर मला एका यंत्राच्या पोटातून जावं लागलं. पलीकडे गणवेशातल्या माणसाने मला उघडलं, अडकित्ता बाहेर काढला आणि कुमारकडे वरून खालपर्यंत पाहिलं. कुमारचं तोंड गोरंमोरं झालं. अडकित्ता तिथल्या टोपलीत गेला. कोळसा मात्र त्या माणसाने दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिला, हसला आणि परत ठेवून दिला.

बेट मोठं सुंदर होतं. नारळाची झाडं पार पाण्यावर वाकलेली, आणि पाणी असं हिरवंनिळं की आमच्या धरणाचंही तसं कधी होत नाही. पहिल्या दिवशी दोघं थाटात जेवली. तळलेला मासा, कोलंबी, शहाळी, वर आइस्क्रीम. मी पिशवीत होतो, मला कुणी विचारलं नाही. जेवण झाल्यावर बिल आलं तेव्हा कुमार म्हणाला, “आमचं समदं त्यातच हाय.” वाढप्याने नम्रपणे समजावलं की त्यात फक्त सकाळचा नाश्ता आहे. दोन वेळचं जेवण ज्याचं त्याने बघायचं. कुमारने सहलीच्या कागदावर ‘नाश्ता’ हा शब्द वाचला होता, पण आमच्याकडे पाहुण्याला न्याहारी देऊन जेवणाला वाऱ्यावर सोडत नाहीत, तेव्हा पुढचं जेवण आलंच असं तो धरून चालला होता.

त्याने बिल भरलं. दुसऱ्या दिवशीही, बायकोसमोर हात आखडता घ्यायला नको म्हणून, तो तिथेच जेवायला बसला. आता त्याचं बोट जेवणाच्या यादीवर डावीकडून न फिरता उजवीकडच्या आकड्यांवरूनच फिरत होतं. संध्याकाळी खोलीत आल्यावर तो खिडकीशी उभा राहून म्हणाला, “कोमल, होडीचं ऱ्हाऊ दे. पैसं पुरायचं न्हाईत.”

कोमलने पिशवी उघडली, मला बाहेर काढलं आणि कडी सोडली. मार्गासनीच्या चुलीचा वास त्या थंडगार खोलीत पसरला. मित्रांनो, त्या क्षणी माझं पितळ अभिमानाने तापलं असेल.

“ह्ये बघा,” ती म्हणाली, “सकाळचा नाश्ता पोटभर खायचा. दुपारी दशम्या. रातच्याला बाजारातनं नुसता भात आणायचा. म्या आत्यास्नी शबुद दिलाय. होडीत बसायचंच.”

कुमार खजील झाला, पण त्याने अर्धी दशमी तोडून चटणी लावली आणि पहिल्या घासालाच डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं नारळाच्या सावलीत मला मध्ये ठेवून जेवली. आजूबाजूचे पाहुणे बघत होते. कॉलेजात जो कुमार मला लपवायचा, तो आता झाकणातली चटणी बोटाने पुसून खात होता.

बाजारात एका बंगाली मावशीची छोटी खानावळ होती. कोमलने मला पुढे केलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत एका माणसाचा भात मागितला. मावशीने एकदा त्या दोघांकडे पाहिलं, मग मला दोघांपुरतं भरलं आणि एका वाटीत आमटीही दिली, वाटी उद्या आणून द्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी कोमल वाटी परत द्यायला निघाली आणि दारातच थबकली. रिकामी वाटी कशी द्यायची? चटणी थोडीच उरली होती. तिने ती सगळी त्या वाटीत काढली.

कुमार म्हणाला, “अगं, आपण काय खायाचं?”

“त्ये बघू. रिकामं भांडं न्हाई देत.”

मावशीने काळी चटणी पाहिली, चाखली, आणि तिचे डोळे पाणावले. चटणी तिखट होती म्हणून, की आणखी कशासाठी, ते मला ठाऊक नाही. ती म्हणाली की तिच्या आईच्या घरीही भांडं रिकामं परत करत नसत, पण बेटावर येणारे पाहुणे जेवतात आणि जातात, इतक्या वर्षांत कुणी असं काही आणलं नव्हतं. त्या रात्री तिने मला माशाच्या कालवणाने भरलं आणि पैसे घेतले नाहीत. पुढच्या दिवशीही नाही.

शेवटच्या सकाळी दोघं धक्क्यावर गेली. एवढी काटकसर करूनही पैसे एकाच तिकिटाचे झाले. कुमारने क्षणभरही विचार केला नाही.

“तू जा. आय तुला म्हनली व्हती, मला न्हाई.”

मग तो मला मांडीवर घेऊन धक्क्यावर बसला. होडी लांब गेली आणि लहान होत होत दिसेनाशी झाली. कुमारची बोटं माझ्या पोच्यावरून फिरत होती. मी पाण्याखालचं काहीच पाहिलं नाही, मित्रांनो, हे कबूल करतो. मी फक्त वाट बघणारा माणूस पाहिला. कोमल परतली तेव्हा तिचे केस खाऱ्या वाऱ्याने विस्कटले होते.

शंखशिंपले तिथून न्यायला मनाई आहे, तरी मी रिकामा परतलो नाही. निघताना मावशीने मला धुऊन, पुसून नारळाच्या गोड लाडवांनी भरलं आणि म्हणाली, सासूला सांग, बेटावरच्या बहिणीने दिले. लाडवांवर कोमलने आठवणीने तोच कोळसा ठेवला.

घरी आल्यावर शेजारीपाजारी जमले. “मग, समदं फुकट व्हतं का?” कुणी विचारलं. कुमारने मान खाली घातली आणि म्हणाला, “न्हाई. आयनं डबा दिला म्हनून निभावलं.” सगळे गेल्यावर सोजराबाईने मला उघडलं, लाडू नाकाशी नेला, पण खाल्ला नाही. तिने कोमलला शेजारी बसवलं.

“बघितलंस का?”

“बघितलं, आत्या. पाणी असं की तळाची वाळू मोजून घ्यावी. झाडांगत रंगीत दगड. त्येच्यातनं मासं फिरत्यात, निळं, पिवळं.”

सोजराबाई ऐकत होती. मग तिने हळूच विचारलं, “आन तिथं कुणाची घरं दिसली का गं?”

“न्हाई आत्या. घर कुणाचंच न्हाई तिथं.”

“बरं झालं,” सोजराबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

त्याच आठवड्यात कोमल तिला एसटीने धरणावर घेऊन गेली. मी सोजराबाईच्या मांडीवर होतो, बेटावरचे दोन लाडू पोटात घेऊन. इतक्या वर्षांनी मी भरलेला माहेरी निघालो होतो. पाणी उतरलेलं होतं, पण घर दिसण्याइतकं नाही. सोजराबाईने काठावर बसून एक लाडू पाण्यात सोडला आणि दुसरा सुनेबरोबर अर्धा अर्धा खाल्ला. उठताना तिने माझ्यात डोकावून पाहिलं. कोमलला सांगावं लागलं नाही. ती चढावर गेली, जाळीतली हिरवी करवंदं ओंजळीने तोडून आणली आणि मला लोणच्यापुरतं भरलं.

आता मी चुलीजवळच्या फळीवर असतो. मित्रांनो, तुमच्या घरीही माळ्यावर एखादं जुनं भांडं पडलं असेल. त्याला मोडीत घालण्याआधी एकदा खाली काढा, घासा, आणि ते कुणाच्या घरून आलं ते घरातल्या थोरल्यांना विचारा. त्या घराची वाट अजून असेल तर त्याला एकदा तिकडे घेऊन जा. जाताना भरून न्या आणि येताना भरून आणा, मग भले मूठभर हिरवी करवंदं का असेनात.