फटफटीच्या मागच्या बैठकीवरून हातखंब्याला

कमळाची मोटार सुटली तेव्हा संमतिपत्र माझ्या कोटाच्या खिशातच होतं. सही न केलेलं.

साल एकोणीसशे चौतीस, मे महिन्याची अखेर. माझी थोरली मुलगी कमळा शिक्षिका होण्यासाठी कोल्हापूरला निघाली होती. तिच्या शाळेच्या मुख्य बाई, यमुनाबाई, सोबत होत्या. वडिलांनी बाईंसमोर सही करायची, त्याशिवाय प्रवेश नाही. ती सही मी आठवडाभर उद्यावर ढकलली. आपण मुलीचं भलं करतोय की नुकसान, हे काही ठरत नव्हतं. शेवटी मोटारीपाशी करू म्हटलं, तर तिथे थोरले बंधू धोंडूदादा उभे.

"सही केलीस की पोरगी गेली हातची," ते चारचौघांत म्हणाले. माझा हात खिशातच राहिला.

यमुनाबाईंनी विचारलं, "कागद आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. कमळानं खिडकीतून एकदा माझ्या खिशाकडे पाहिलं.

मोटार गेल्यावर पाव तास मी तिथेच उभा होतो. शेजारचा लवू मुंबईच्या गॅरेजात काम करून आलेला. तो आपली फटफटी पुसत होता.

"वाटेत हातखंब्याला मोटार किती थांबते रे?"

"इंजिनात पाणी ओतीपर्यंत. अर्धा तास धरा, अण्णा."

"मला ने."

त्यानं माझ्या धोतराकडे पाहिलं. "वर खोचा ते. चाकात गेलं तर दोघंही जाऊ."

"वाचनालयातला माणूस फटफटीवर?" धोंडूदादा हसले. "फडताळातल्या पुस्तकासारखा पडशील."

"संध्याकाळी बोलू, दादा," मी म्हणालो आणि मागे बसलो.

कुवारबावपर्यंत बरं चाललं. पुढच्या वळणावर फटफटी डावीकडे कलली आणि मी सगळं अंग उजवीकडे टाकलं. आम्ही दोघं गाडीसकट चरात. माझा गुडघा फुटला. लवू चेन चढवत बसला.

"अण्णा, उलटं कशाला कललात?"

मी दाभोळच्या तांडेलाचा मुलगा. होडी एका अंगाला गेली की दुसऱ्या अंगाला सरकायचं, हे मी चालायच्या आधी शिकलो होतो. ते लवूला सांगितलं.

"ही होडी नाय," तो म्हणाला. "ही जिकडं जाईल तिकडं जायचं. नायतर कागद माझ्याकडं द्या, मी पोचवतो. तुमी चालत घरी जा."

घर दीड कोसावर होतं. तेव्हा तो विचार मला आवडला, हे कबूल करतो.

"सही माझीच लागते," मी म्हणालो.

पुढे प्रत्येक वळणावर अंग आपोआप उलटीकडे ओढ घेई. मी लवूच्या कमरेला मिठी मारली, गाल त्याच्या पाठीला टेकवला आणि तो कलेल तसा कलत गेलो. डोळे मिटले नाहीत. तांबडी जमीन अगदी कानाशी आल्यासारखी वाटे. खेडशीजवळ टोपी उडाली.

"थांबू?"

"नको."

हातखंब्याला ड्रायव्हर बॉनेट लावत होता. यमुनाबाईंनी पेन पुढे केलं. तापलेल्या बॉनेटवरच मी कागद ठेवला. हातात अजून फटफटीची थरथर होती. सही मुंगी शाईतून चालत गेल्यासारखी आली.

"वाकडी आली, बाई. चालेल का?"

"तुमचीच आहे ना?"

"माझीच."

"मग चालेल."

कमळा खाली उतरून पाया पडली. तिनं गुडघा पाहिला, मग डोकं. "अण्णा, टोपी?"

"खेडशीला राहिली. बस तू, गाडी सुटेल."

मोटार दिसेनाशी झाल्यावर लवू म्हणाला, "चला, टोपी शोधूया."

"नंतर. आधी धोंडूदादाकडे ने."

"असंच, बोडकं?"

"असंच."

पहिल्या वळणाला मी त्याच्याही आधी कललो. जरा जास्तच असावं, कारण लवूनं मला कोपर मारलं.